भांडुपच्या लॅबमधलं ‘सोडू गो?’

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नावं ठेवायला नको... भुतंखेतं, अंगात येणं, कुणाच्या तरी मामीला स्वप्नात झालेला दृष्टान्त, यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही नाही. इथले तुमचे सगळ्यांचे अनुभव मी चवीनं वाचते हो, पण वाचताना तोंडातल्या तोंडात ‘काय पण!’ असंही म्हणते. माझा जन्म गेला लोखंड तोडण्यात. थट्टा नाही करत. स्टीलचे तुकडे मशीनवर लावायचे, तोडायचे, आणि तुटताना त्यांनी किती दम काढला ते बघायचं, हीच माझी नोकरी होती. असल्या बाईनं या सदरात लिहावं हे माझ्या नवऱ्याला अजिबात पसंत नाही. ‘लिही, पण माझं नाव घालू नकोस,’ म्हणालेत. नाही घालत.

तर, ऐंशीच्या दशकातली गोष्ट, दशक सरत आलं होतं तेव्हाची. त्या काळात गॅसच्या मोठमोठ्या पाइपलाइनी टाकायचं काम जोरात होतं आणि त्या पाइपांच्या स्टीलचे नमुने तपासणीसाठी आमच्याकडे यायचे. आमची लॅब भांडुपला. एल.बी.एस. मार्गावरून आत वळलं की गाळेच गाळे होते, त्यातल्या एकात, तळमजल्यावर. लॅब म्हटल्यावर काचेच्या नळ्या न् पांढरे कोट डोळ्यांसमोर आणू नका. वर पत्रा, खाली ऑइलचे डाग, आणि शेजारी मसाल्याची गिरणी. त्यांनी मिरची दळायला काढली की आमच्याकडे साहेबापासून शिपायापर्यंत सगळे शिंकत बसायचे. पाहुणे आले असले तर फारच शोभा व्हायची.

काम काय, ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पाइपातून कापलेली पट्टी दोन्ही टोकांना धरून ओढायची आणि तोडायची, हे पाटकरांचं खातं. पाटकर म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. तोंडात सदा तंबाखूचा बार, त्यामुळे दिवसभर ‘ऊं’ आणि ‘ऊंहूं’ एवढ्यावर भागवायचे. आणि दुसरं इम्पॅक्ट मशीन, ते आमच्या दोघींचं... माझं आणि नलूचं.

या मशीनवर एक भलामोठा लोखंडी हॅमर वर अडकवलेला असतो, लंबकासारखा. खाली मधोमध बोटाएवढा स्टीलचा तुकडा ठेवायचा, त्याला आधीच एक बारीक खाच मारलेली असते. लिव्हर ओढली की हॅमर सुटतो, झोका घेत खाली येतो, तुकड्यावर बसतो आणि पलीकडे वर जातो. तुकडा चिवट असेल तर हॅमरचा जोर तिथेच खर्च होतो, पलीकडे तो फार वर जात नाही. तुकडा ठिसूळ असेल तर टचकन तुटतो. तसल्या स्टीलचा पाइप केला तर वाट लागली म्हणून समजा. एकदा चीर पडली की ती थांबायचं नाव घेत नाही.

आणि हे सगळं थंडीत बघायचं. पाइपातल्या गॅसचा दाब एकदम उतरला की पाइप गारठतो, आणि गारठलं की चांगलंचुंगलं स्टीलसुद्धा ठिसूळ होऊ शकतं. म्हणून भांडुपच्या घामाच्या धारांत आम्ही एका डब्यात स्पिरिट आणि कोरडा बर्फ घालून त्यात तुकडे बुडवून ठेवायचो. एकीनं चिमट्यानं तुकडा काढायचा, मशीनवर नेमका बसवायचा, हात मागे घ्यायचा, की दुसरीनं लिव्हर ओढायची. बाहेर काढल्यापासून हॅमर बसेपर्यंत पाच सेकंद. त्याहून वेळ लागला तर तुकडा कोमट झाला, फेकून द्या.

चिमटा माझ्याकडे, लिव्हर नलूकडे.

नलिनी परब. गाव मालवणकडचं, जन्म भांडुपचा. वडील आधी कापडगिरणीत होते, ती सुटल्यावर कुठेतरी वॉचमन. टेकडीवरच्या चाळीत घर. मी मुलुंडची, आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या भाकरीवर सुकटीची चटणी वाढली आणि म्हणाली, “खा गो, कोण बघूक येता?” खाल्ली मी! त्या दिवसापासून आमची जी जमली ती जमली. एरवी ती माझ्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायची, पण रागावली, हसली किंवा घाबरली की मालवणीवर यायची. माझं नाव सुनंदा, ती मला ‘नंदे’ म्हणायची, अजून म्हणते. माझ्या आईनंसुद्धा मला एवढ्या प्रेमानं हाक मारली नसेल.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा काय झालं, माझा हात मागे यायच्या आधीच नलूनं लिव्हर ओढली. घाई, दुसरं काय! हॅमर माझ्या हातातल्या चिमट्याला लागला, चिमटा उडाला तो थेट खिडकीची काच फोडून मसाल्याच्या गिरणीत. माझ्या हाताला ओरखडासुद्धा नाही. पण नलू मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. माझं रडणं बाजूला ठेवून मलाच तिची समजूत काढावी लागली. डोळे पुसून उठली ती नियम करूनच.

“आजपासून मी विचारल्याशिवाय सोडणार नाही. आणि तू बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. हात बघायचा, मागे-पुढे बघायचं, मगच बोलायचं.”

“पाच सेकंदांत कुठे एवढं भाषण करायचं?”

“भाषण कशाला? मी म्हणेन ‘सोडू गो?’ तू म्हण ‘सोड’. नाहीतर ‘थांब’. संपलं.”

झालं. तेव्हापासून दिवसभर आमच्या कोपऱ्यात हेच. “सोडू गो?” “सोड.” धाड! “सोडू गो?” “सोड.” धाड! पाटकर हसायचे. साहेब सुरुवातीला वैतागले, मग त्यांनाही सवय झाली. आम्हाला तर इतकी लागली की विचारू नका. घरी नवऱ्यानं शिडी धरली तरी मी “सोड” म्हणायची. अंगात मुरतं ना एखादं काम, तसं.

आता नलूचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा सुरेश, बेस्टमध्ये कंडक्टर, देवमाणूस. पण मूल टिकत नव्हतं. राहिलं की जायचं. पहिल्यांदा गेलं तेव्हा ती चार दिवसांत कामावर आली आणि मला म्हणाली, “चल, चिमटा घे.” दुसऱ्यांदा मात्र दिवस बरेच भरले होते, अंगडी-टोपडी विणून झाली होती. तेव्हा मी तिला हॉस्पिटलात भेटायला गेले तर तिनं माझा हात धरला तो सोडेचना. भेटायची वेळ संपली, आया आत येऊन उभी राहिली. तेव्हा नलू अगदी हळू म्हणाली, “सोडू गो?” मला ‘सोड’ म्हणवेना. आया बिचारी पाठ फिरवून बाहेर गेली. मी घरी जाऊन जेवले नाही.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला सक्त ताकीद दिली. लिव्हर ओढायची नाही, जड उचलायचं नाही, घरी बसायचं. नलू घरी बसली. तिची आई तिला पाय खाली टेकवू द्यायची नाही, आणि मी दर शनिवारी टेकडी चढून तिला बघून यायची. “काय म्हणतो पाटकर?” ती विचारायची. मी म्हणायची, “ऊं.” आम्ही हसून हसून लोळायचो, आणि तिची आई ओरडायची, “हसवू नको गो तिका!”

कारण नलूच्या जागी लिव्हरवर पाटकर आले होते. त्यांना मी हात जोडून सांगितलं, “पाटकर, ओढायच्या आधी विचारत जा.” त्यांनी तोंडातला बार या गालातून त्या गालात नेला, खिडकीबाहेर पिंक टाकली आणि म्हणाले, “बाई, मला डोळे आहेत. तुमचा हात मागे आला की मी ओढणार. ते तुमचं बायकांचं सोडू-बिडू मला जमणार नाही.” आणि पुन्हा तोंड बंद. माणूस वाईट नव्हता हो, कामात तरबेज होता. फक्त बोलायला तोंड रिकामं नसायचं.

त्या दिवशी सकाळी लॅबच्या फोनवर सुरेशचा फोन आला. नलूला मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये नेलंय, रात्रीपासून कळा येतायत, जरा अवघड आहे असं म्हणतायत. त्याचा आवाज असा झाला होता की मी पुढचं काही विचारलंच नाही. सरळ साहेबांकडे गेले, म्हटलं मला जायचंय. साहेबांनी कपाळाला हात लावला. कारण त्याच दिवशी पाइपवाल्यांकडचे इन्स्पेक्टर येणार होते, समोर उभं राहून टेस्ट बघायला. दांडेकर त्यांचं नाव. सफारी सूट, हातात ब्रीफकेस, आणि चेहरा असा की जणू आम्ही सगळे चोर. “सुनंदाबाई, एवढे तुकडे होऊ द्या,” साहेब म्हणाले. “मग मी स्वतः तुम्हाला स्कूटरवर सोडतो.” काय करणार? राहिले.

हात कामावर आणि जीव मुलुंडला. तुकडा काढायची, बसवायची, हात मागे, धाड. पाटकर शब्दाशिवाय लिव्हर ओढत होते. दांडेकर मशीनभोवती घिरट्या घालत होते. प्रत्येक तुकडा तुटला की पलीकडे जाऊन तुटलेला अर्धा भाग उचलायचे, नाकाजवळ नेऊन बघायचे. म्हटलं ना, चेहराच तसा. मी त्यांना दोनदा सांगितलं, “साहेब, मशीनच्या या बाजूला उभे राहा.” ते म्हणाले, “मॅडम, मी अशी मशिनं खूप पाहिलीत.”

दुपारच्या सुट्टीला अजून अवकाश होता. मी डब्यातून पुढचा तुकडा काढला, मशीनवर बसवला, हात मागे घेतला.

आणि ऐकलं...

“सोडू गो?”

नलू. शंभर टक्के नलू. लिव्हरच्या बाजूनं, ती जिथे उभी राहायची तिथून, जेवढ्या मोठ्यानं ती विचारायची तेवढ्याच मोठ्यानं. मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, एवढी ती सवय अंगात होती. विचारलं म्हणजे आधी बघायचं. मी माझा हात बघितला, पुढे बघितलं, पलीकडे बघितलं... आणि पलीकडे दांडेकर वाकलेले. मागचा अर्धा तुकडा मशीनखाली गेला होता, तो काढायला त्यांनी आपलं टक्कल बरोबर हॅमरच्या वाटेत घातलं होतं.

“थांब! थांब!” मी किंचाळले.

पाटकरांचा हात लिव्हरवर होता. थोडी ओढलीही गेली होती ती, त्यांनी नंतर मला शपथेवर सांगितलं. एका क्षणाचा फरक. त्यांनी हात असा काढला की जणू चटका बसला. दांडेकर डोकं वर करून बघतात तर हॅमर वर लटकतोय आणि आम्ही दोघं पांढरेफटक. त्यांना समजलं तेव्हा ते जे जाऊन स्टुलावर बसले ते उठेचनात. सफारी सूट पाठीवर भिजला होता. साहेब धावत आले. कुणीतरी पाणी आणलं.

आणि मला पुन्हा ऐकू आलं. या वेळी आवाज बदलला होता. दात आवळून बोलल्यासारखा, रडकुंडीला आलेला. “सोडू गो? नंदे... सोडू?”

आता मात्र मी वळून लिव्हरकडे बघितलं. लिव्हरपाशी पाटकर होते. तोंडात बार, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. दुसरी बाई त्या खोलीतच काय, अख्ख्या लॅबमध्ये नव्हती. मी इकडेतिकडे बघितलं. मला काय वाटलं कोण जाणे, मी पुटपुटले, “थांब.” अगदी हळू. माझं मलाही धड ऐकू आलं नाही. का म्हटलं? मशीनवर तुकडाच नव्हता, तो कोमट झाला म्हणून मी काढून टाकला होता. तुकडा नाही तर सोडायचं कसं, एवढाच विचार तेव्हा डोक्यात आला. वेडीच ना!

मग मी काय केलं असेल? लोक म्हणतात, तिथून पळाली असशील. नाही. मला एकच कळत होतं, की विचारलंय म्हणजे उत्तर द्यायला हवं. मी पाटकरांना हातानं खूण केली, लिव्हरवर या. चिमट्यानं डब्यातून नवा तुकडा काढला. बसवला. हात मागे. माझा हात बघितला, पुढे बघितलं, पलीकडे बघितलं. दांडेकर स्टुलावर, साहेब त्यांच्याजवळ, वाट मोकळी. आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा काढून मी ओरडले,

“सोड!”

धाड! शेजारच्या गिरणीतला माणूस दारात आला, एवढ्या मोठ्यानं ओरडले होते मी. तो तुकडा तुटलाच नाही. वाकला, फाटला, पण दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहिल्या. फार चिवट स्टील असलं की असं होतं. त्यानंतर आवाज आला नाही. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. पाटकरांनी बाहेर जाऊन तोंड मोकळं केलं, परत आले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही जा. उरलेले मी बघतो. आणि उद्यापासून मी विचारून सोडीन.”

साहेबांच्या स्कूटरची वाट न बघता मी रस्त्यावर आले, रिक्षा पकडली. मुलुंड येईपर्यंत सगळे देव आठवून झाले, ज्यांना मी मानत नाही तेसुद्धा.

नर्सिंग होमच्या जिन्यातच सुरेश भेटला. त्याचा चेहरा बघितला आणि कळलं. हसत होता आणि रडत होता. “मुलगी,” म्हणाला. “दोघी सुखरूप.” मी त्याला तिथेच जिन्यात मिठी मारली, बघणारे बघोत.

आत गेले. नलू डोळे मिटून पडली होती, केस घामानं चिकटलेले, बाजूला दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. एवढंसं, लालबुंद. उशाशी तिची आई, पदराला डोळे पुसत. मी जवळ जाऊन नुसतं तिच्या हातावर हात ठेवला. मी एक अक्षर बोलले नव्हते. लॅबमध्ये काय झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, रिक्षावाल्यालाही नाही.

नलूनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि चिडून म्हणाली,

“इलंस? मेले गो, किती येळ लावलंस ‘सोड’ म्हणूक! माझो जीव जावची पाळी इली!”

मी स्टुलावर बसले. तिची आई म्हणाली, “बघ, ही अशी बडबडता. डॉक्टरीण म्हणाली, गुंगीत असा.”

तेवढ्यात सिस्टर आत आल्या. केरळच्या होत्या, पण मुलुंडला मुरलेल्या. त्या आपणहून सांगायला लागल्या. “ये पेशंट एकदम अलग है बाबा! बच्चे का सर आया तो गले में नाळ था, डबल. डॉक्टर बोल रही है जोर मत लगाओ, रुको, रुको. पेशंट सुनती नहीं. सोडू, सोडू, यही पूछ रही है. अरे क्या सोडू? किसको पूछती है? फिर एकदम चुप. दरवाजे को देखती है और एकदम रुक गई. उस टाइम कोई नहीं रुक सकता, मालूम? ये रुक गई. डॉक्टर ने आराम से नाळ निकाला. बाद में डॉक्टर कुछ बोलने के पहले खुद ही जोर लगाया, और बेबी बाहर!” बाळाच्या गालाला बोट लावून त्या गेल्या.

नाळ मानेभोवती, दोन वेढे. त्या घटकेला नलूनं जोर लावला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर सुरेशला सांगितलं, आणि सुरेशनं मला. ते मी इथे लिहिणार नाही.

आता मी पडले टेस्टिंगवाली. मनात वादळ चालू असतानाही मला राहवेना. तिची आई चहा आणायला बाहेर गेली तशी मी नलूला विचारलं, “मी नेमकं काय म्हटलं? नीट आठवून सांग. आधी काय, मग काय?” तिला मी मुद्दाम काही सुचवलं नाही.

“आधी थांब म्हटलंस,” ती म्हणाली. “दोनदा. केवढी ओरडलीस! मी घाबरलेच. म्हटलं हिचा हात आत आहे, आता सोडून चालायचं नाही. कळ अशी आली होती नंदे, की शरीर ऐकत नव्हतं. पण तुझा हात आत आहे म्हटल्यावर मी कसं सोडणार? मी तशीच धरून ठेवली.”

“मग?”

“मग मी परत विचारलं. तेव्हा हळूच थांब म्हटलंस, पुटपुटल्यागत. मला राग आला, एवढं काय हळू बोलायचं? मग बराच वेळ काही नाही. आणि मग सोड.”

ते हळू म्हटलेलं ‘थांब’... ते पाटकरांनी ऐकलं नव्हतं, साहेबांनी नव्हतं, हातभर अंतरावर बसलेल्या दांडेकरांनीही नव्हतं. मी म्हटलं ना, माझ्याच कानांपर्यंत ते जेमतेम पोचलं होतं. मी तिच्या हातावर डोकं टेकलं आणि दोघी रडलो, मग हसलो, मग बाळ उठलं आणि त्यानं टाहो फोडला.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. सुरेशला बहीण नाही. तेव्हा आत्या मीच झाले, आणि पाठीत बुक्केही मीच खाल्ले, सगळ्यात जोरात पाटकरांच्या बायकोचे.

आता तुमच्यातले शहाणे म्हणतील, की बाई, तुमचं मन मैत्रिणीपाशी होतं, कानांना भास झाला. मान्य. मीही स्वतःला हेच सांगते. तिकडे तीही कळांनी अर्धी बेशुद्ध, तिला माझी आठवण आली, रोजचे शब्द आठवले. हेही मान्य. माझ्या नवऱ्याचा लाडका शब्द ‘योगायोग’, तोही मान्य. पण मग ते हळू म्हटलेलं ‘थांब’ कुठल्या खात्यात टाकू? आणि आणखी एक. दांडेकर जाताना साहेबांना म्हणाले होते, “तुमच्या त्या दोन्ही मॅडमना माझे आभार सांगा.” साहेबांना वाटलं, घाबरलेत, काहीतरी बोलतायत. मला साहेबांनी हे हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

आमच्या धंद्यात एका तुकड्यावर कुणी रिपोर्ट देत नाही. एक तुकडा काहीही बोलतो. निदान तीन तोडावे लागतात, तिघांचं जुळलं तर त्याला अर्थ. म्हणून काही वर्षांनी, ती पोर शाळेत जायला लागली तेव्हा, मी नलूला म्हटलं, “आपण एकदा करून बघू या का गं? तू तुझ्या घरी भांडुपला, मी मुलुंडला. वेळ ठरवायची. तू विचारायचंस, मी ऐकते का बघू.”

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “आणि नाय ऐकाक इला तर?”

“नाही आलं तर नाही आलं. कळेल तरी.”

“तुका कळात गो. माका मगे रात्री झोप लागाची नाय. नंदी माझी हाकेच्या पलीकडे गेली, ह्या कळून माका काय करूचा हा?”

मी तिच्या सुपातले खडे काढायला घेतले आणि पोरीच्या शाळेचं काहीतरी विचारलं. त्यानंतर तो विषय आम्ही दोघींनी काढला नाही. आज दोघी म्हाताऱ्या झालोय, रोज फोनवर भांडतो. जे झालं ते कसं झालं, मला अजूनही माहीत नाही. सगळा जन्म टेस्ट करण्यात गेला, पण ती एक टेस्ट मी घेतली नाही, घेणारही नाही. खरं सांगू का... ऐकू आलं नाही तर, ही भीती तिच्यापेक्षा मलाच जास्त आहे.